खेळ टिकावा म्हणून बॅच निवडली

मुलीला तो वर्ग पुरेनासा झालाय, हे आम्हाला तिच्या कंटाळ्यावरून कळलं. शनिवार-रविवारी सकाळी तासभर चालणारा जिम्नॅस्टिक्सचा हौशी वर्ग, पाच ते अकरा वर्षांची सगळी मुलं एकाच हॉलमध्ये. सुरुवातीला बाय (घरात आम्ही तिला बायच म्हणतो) शुक्रवारी रात्रीच टाइट्स आणि टी-शर्ट खुर्चीवर काढून ठेवायची. नवव्या वर्षात आल्यावर ती वर्गात जाऊन लहान मुलांना कोलांटी कशी घ्यायची ते दाखवत बसायला लागली, आणि खरा सराव घरी. गादीवर, पडवीत, भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत, जागा मिळेल तिथे कार्टव्हील (चाकासारखं हातांवरून आडवं फिरणं), हँडस्टँड (हातांवर उलटं उभं राहणं) आणि कमान. मे महिन्याच्या सुट्टीत तिने यूट्यूबवर बघून बॅक हँडस्प्रिंग (मागे उडी घेऊन हातांवरून उलटं फिरून पायांवर येणं) मारायचा घाट घातला, तेव्हा आम्ही दोघं गंभीर झालो. शिकायची भूक आहे आणि शिकवणारं कुणी नाही, अशा वेळी मूल आपलं आपणच करून बघतं. या खेळात करून बघितलेलं मानेवर येऊ शकतं.

पुढच्या वर्गाचा विषय सरांनीच काढला. म्हणाले, “वहिनी, पोरगी तयार आहे. अंग लवचीक आहे, उडी मारायला घाबरत नाही. कॉम्पिटिशन बॅचला घाला. आत्ता नाही तर मग कधी?” ही बॅच दुसऱ्या संस्थेत, शहराच्या दुसऱ्या टोकाला. सोमवार ते शनिवार रोज तीन तास, स्पर्धा जवळ आली की रविवारीही. माझी नोकरी, नवऱ्याची आंब्याची बाग. फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत तो घरात फक्त झोपायला येतो, त्यामुळे ने-आण माझ्याकडेच येणार हे उघड होतं. पण ती अडचण निभावता आली असती. मला खटकलं ते सरांचं शेवटचं वाक्य. नऊ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत “आत्ता नाही तर कधी” हे इतक्या सहज कसं बोललं जातं?

याचं उत्तर वर्गाबाहेर चपला घालताना चालणाऱ्या गप्पांत आहे. शालेय स्पर्धांचा रस्ता सगळ्या पालकांना पाठ असतो: जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. दहावीला खेळाचे वाढीव गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. याला मी नावं ठेवणार नाही. आमच्याकडे शिक्षणाला आणि नोकरीला गाव सोडावंच लागतं, तेव्हा हाताशी येईल तो आधार धरायची आईबापांची धडपड मला समजते. दीपा कर्माकरचं नाव तर हमखास निघतं. आगरतळ्याची, सपाट तळव्यांची मुलगी २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टच्या (धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीच्या) अंतिम फेरीत चौथी आली, कांस्यपदक फक्त ०.१५० गुणांनी हुकलं. हे ऐकलं की आपल्या रत्नागिरीत काय कमी आहे, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं.

म्हणून मी आधी या घाईचाच शोध घेतला. १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या नादिया कोमानेचीने ऑलिंपिकच्या इतिहासात पहिल्यांदा पैकीच्या पैकी १० गुण मिळवले तेव्हा ती १४ वर्षांची होती, आणि तेव्हापासून हा खेळ लहान मुलींचा असा समज पक्का झाला. पण १९९७पासून आंतरराष्ट्रीय वरिष्ठ गटात उतरायला मुलीला त्या वर्षात १६ पूर्ण व्हावी लागतात. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना टोकियोत आपल्या आठव्या ऑलिंपिकमध्ये उतरली तेव्हा ४६ वर्षांची होती. तरीही ऑलिंपिकपर्यंत जायचं तर लवकर सुरुवात आणि भरपूर सराव लागतो, ही गोष्ट खरी आहे आणि ती नाकारून चालत नाही. ज्या घराला तिकडे जायचंय त्यांनी तो रस्ता डोळे उघडे ठेवून धरावा. आम्हाला तिकडे जायचंय का, हा प्रश्न कुणी आम्हाला विचारलाच नव्हता. बायला तर नाहीच नाही.

संस्थेने आठवडाभर येऊन बघा म्हटलं, ते मात्र चांगलं केलं. तिथे शिकवणं कच्चं नव्हतं, हे आधी सांगते. मुलींचे हँडस्टँड ओळंब्यात, पायाचे चवडे ताणलेले, उडीनंतर गुडघे एकत्र. स्प्रिंगबोर्ड, जाड क्रॅश मॅट, तोल सांभाळत कसरती करायचा खरा बीम: १० सेंटिमीटर रुंद, ५ मीटर लांब, जमिनीपासून सव्वा मीटर उंच. बाय पहिल्या दिवशी तो बीम बघून हरखून गेली. पालकांना आत बसायला परवानगी नव्हती, दार लोटून घेत. मी बाहेरच्या कट्ट्यावर बसून फटीतून जेवढं दिसेल तेवढं बघत होते. एका मुलीला स्प्लिटमध्ये (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना सरळ ताणून) बसवून प्रशिक्षक मागून गुडघ्याने तिची कंबर खाली दाबत होते. ती रडत होती. “रडू दे, उद्या हसेल,” असं म्हणून बाकीच्यांना पुढचा व्यायाम दिला गेला. दुसरी एक मनगटाला पट्टी बांधून हँडस्टँड करत होती. तिसरीला सगळ्यांसमोर विचारलं, “गणपतीत मोदक किती हाणलेस?” आणि तिच्या पोटाकडे बोट केलं. मुली हसल्या, ती पण हसली. ते हसू बघून माझ्या पोटात कालवलं. दहा वर्षांची मुलगी आपल्या पोटाबद्दल हसायला शिकते, ते ती पुढे विसरत नाही.

आठवड्याच्या शेवटी शेवटी बायच्या पोटात दुखायला लागलं. सकाळी शाळेला जाताना दुखत नसे, संध्याकाळी क्लासची वेळ जवळ आली की दुखायचं. मी लगेच काही विचारलं नाही. रविवारी दुपारी आम्ही दोघी फणसाच्या आठळ्या सोलत बसलो होतो, हाताला काम असलं की ती मोकळं बोलते. “स्पर्धा हवी का” असं विचारलं असतं तर तिने माझ्या तोंडाकडे बघून उत्तर दिलं असतं, म्हणून विचारलं की जिम्नॅस्टिक्समध्ये तुला सगळ्यात मजा कधी येते. तिने थोडा विचार केला. “एखादी गोष्ट पहिल्यांदा जमते ना आई, तेव्हा. आणि ती परत परत करताना.” मग आठळीचं साल काढता काढता खाली बघून म्हणाली, “तिथे भीती वाटली तर कुणाला सांगायचं गं?”

माझ्यासाठी निवडीचा प्रश्न तिथेच ठरला. पदकं, फी, अंतर, बीमची उंची हे सगळं नंतर. मुलाला भीती वाटली किंवा दुखलं तर त्या वर्गात पुढे काय होतं, हे आधी बघायचं. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स बायला यूट्यूबमुळे ठाऊक होतीच. बायला मी सांगितलं की टोकियो ऑलिंपिकमध्ये हवेत असताना आपण कुठे आहोत हेच कळेनासं झालं तेव्हा सिमोनने सांघिक अंतिम फेरी सोडली, आणि २०२४ला पॅरिसमध्ये परत येऊन तीन सुवर्णपदकं घेतली. बायने डोळे मोठे करून विचारलं, “मग तिला कुणी ओरडलं नाही?” ओरडलेही बरेच लोक. तेही सांगितलं.

दडपण कमी असावं ही माझी भावना झाली, पण त्या भावनेला आधार हवा होता, म्हणून ओळखीच्या फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी बायचं मनगट हातात घेऊन समजावलं. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकाला कूर्चेचा मऊ पट्टा असतो, तिथून हाड वाढतं. इतर खेळांत अंगाचा भार पायावर येतो, जिम्नॅस्टिक्समध्ये तो हातावरही आपटतो, त्यामुळे मनगटाजवळच्या त्या पट्ट्याला इजा होऊ शकते. मुलींची उंची झपाट्याने वाढायचं वय साधारण १० ते १३, म्हणजे नेमकी स्पर्धेची तयारी जोरात असते तेव्हाच. कंबर सारखी मागे वाकवत राहिलं तर मणक्याच्या हाडाला बारीक चीर पडू शकते, आणि ते दुखणं बरेचदा स्नायू आखडलाय म्हणून दुर्लक्षिलं जातं. त्यांनी दोन गोष्टी लिहून दिल्या: दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखत असेल तर तो भाग बंद ठेवायचा, आणि दुखण्यावर पट्टी बांधून सराव करायचा नाही.

तासांचं गणितही त्यांच्याकडूनच कळलं. क्रीडावैद्यकातले तज्ज्ञ एक सोपा आडाखा देतात: मुलाचं वय जितकी वर्षं, त्याहून जास्त तास आठवड्याला प्रशिक्षण नको. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते की आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी हवी, आणि वर्षभरात मिळून तीन महिने तरी त्या खेळापासून विश्रांती, एकेक महिन्याच्या तुकड्यांत घेतली तरी चालेल. आमच्या समोरची बॅच आठवड्याला १८ तासांची होती, बाय ९ वर्षांची. बरोबर दुप्पट.

आणि ते लोटलेलं दार. मला तिथल्या कुणावरही संशय नव्हता, आजही नाही. पण अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला २०१८ मध्ये शिक्षा झाली. शेकडो मुलींवर त्याने उपचाराच्या नावाखाली अत्याचार केले होते, काही वेळा आईबाप खोलीत असतानाही. त्यानंतर तिकडे नियमच झाला की प्रौढ माणूस आणि मूल एकटे असले तर ते कुणाला तरी दिसत असले पाहिजेत आणि कुणालाही मध्ये येता आलं पाहिजे. आपल्याकडे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२चा पॉक्सो कायदा आहे. पण कायदा घडून गेल्यावर कामाला येतो, उघडं दार आधी येतं. या खेळात स्पॉटिंग म्हणून शिक्षकाला मुलाच्या कमरेला, मांडीला हात लावावाच लागतो, त्याशिवाय शिकवताच येत नाही. म्हणूनच तो हात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असावा. ही अट मी कुठेही, कुणासाठीही सोडणार नाही, आणि दुसऱ्या आयांनीही सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

वाचताना एक गोष्ट कळली आणि फार हायसं वाटलं. हौशी वर्ग आणि कडक स्पर्धा यांच्यामधला रस्ता जगात आहे. अमेरिकेत एक ते दहा पातळ्यांच्या मुख्य शिडीशेजारी ‘एक्सेल’ नावाचा वेगळा कार्यक्रम चालतो. त्यात मुली स्पर्धेला उतरतात, पण आपल्याला जमतात त्या उड्या घेऊन आपापला संच बांधतात, आणि सरावाचे तास सहसा कमी असतात. आंतरराष्ट्रीय महासंघाची ‘जिम्नॅस्टिक्स फॉर ऑल’ अशी शाखाच आहे. तिचा जिम्नेस्ट्राडा नावाचा मेळा १९५३मध्ये रॉटरडॅमला सुरू झाला आणि तिथे मुळात पदकंच नसतात. आमच्याकडे त्या मधल्या रस्त्याची पाटी कुठे लावलेली नव्हती, एवढंच. तो आपणच शोधायचा होता.

कोल्हापूरला शनिवार-रविवारची बॅच आहे असं कुणीतरी सांगितलं. आंबा घाटातून सव्वाशे किलोमीटरच्या वर जायचं नि यायचं, त्यात पावसाळ्यात दरडी. तो विचार एका संध्याकाळीच मिटला.

मग एका डान्स क्लासमध्ये गेलो. तिथे जिम्नॅस्टिक डान्स शिकवतात. गाणी, दिवे, हसरी मुलं, कुणी कुणाला ओरडत नाही, पालक आत बसून मोबाइलवर रेकॉर्डिंग करताहेत. बायला आवडलं. मी फरशीकडे बघत होते. टाइल्सवर पातळ योगा मॅट आणि त्यावर सात-आठ वर्षांची मुलं बॅक फ्लिप मारताहेत, दोन मोठे मुलगे हवेत झेलून फिरवताहेत. हँडस्टँड सरळ नाही, खांदे उघडलेले नाहीत, पोट सैल, आणि एकदम फ्लिप, कारण गॅदरिंगला ते हवं. दडपण काडीचं नव्हतं. शिकवणंही नव्हतं. मुलाची दमछाक करणारा वर्ग ओळखता येतो, पण हसतखेळत मान धोक्यात घालणारा वर्ग ओळखायला मॅटची जाडी आणि पायऱ्यांचा क्रम बघावा लागतो. मला विचाराल तर या दोघांत मला दुसऱ्याची भीती जास्त वाटली.

व्यायामशाळेचं नाव सासूबाईंच्या भजनी मंडळातून आलं. जुनी कौलारू इमारत, दारात मारुती, आत गेल्यावर एरंडेल तेलाचा वास. मध्ये पुरलेला मल्लखांब, तुळईला टांगलेल्या सुती दोऱ्या, एका बाजूला जाड मॅटची रांग. शिकवणाऱ्या ताई चाळिशीच्या, आवाज खणखणीत. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी दीड तास: दोरीचा मल्लखांब आणि मॅटवरचं जिम्नॅस्टिक्स, दोन्ही. दार सताड उघडं, बाहेरच्या पायऱ्यांवर आजी-आजोबांची बैठक.

मल्लखांब म्हणजे जिम्नॅस्टिक्स नव्हे, हे मला माहीत होतं. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्या विद्येचं पुनरुज्जीवन केलं ती आपली स्वतःची विद्या, तिचे नियम आणि तिची पकड वेगळी. पण बघत बसले तेव्हा लक्षात आलं की बायला जे हवं होतं त्यातलं बरंच इथे आहे: उलटं होणं, अंग एका रेषेत ताणून धरणं, तोल, आणि एखादी गोष्ट पहिल्यांदा जमण्याचा क्षण. शिवाय दोरीवर भार ओढीचा असतो, मनगटावर आपटून पडत नाही. फिजिओथेरपिस्टांना विचारलं तर त्यांनीही याला दुजोरा दिला.

मी बघत असताना एक मुलगा दोरीवर अर्ध्यात थांबला. पुढची उलटी पकड त्याला घ्यायची होती. तो म्हणाला, “ताई, नको.” ताईंनी त्याला उतरवलं, खाली मॅटच्या उंचीवर दोरी धरायला लावली, तीच पकड डोकं जमिनीपासून वीतभर असताना करून घेतली. त्याने दोनदा केली आणि म्हणाला, आज बास. “बरं,” म्हणून त्या पुढच्या मुलीकडे वळल्या. कुणी त्याला चिडवलं नाही. चिडवायची तिथे रीतच नसावी. तिथेच माझं मन झुकलं, पण प्रश्न मी सगळे विचारले.

मूल पुढच्या कसरतीला तयार आहे हे कसं ठरवता? “भिंतीला टेकून हँडस्टँड ३० सेकंद टिकला पाहिजे. कमानीतून आपली आपण उठली पाहिजे. मग वॉकओव्हर (कमान घेऊन एकेक पाय डोक्यावरून नेत उभं राहायचं). तो धिम्या गतीत दोन्ही बाजूंनी नीट आला की हँडस्प्रिंगचं बघू. मधली पायरी मी गाळत नाही, कुणाच्या आईने सांगितलं तरी.” शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं आणि मला ते आवडलं. दुखलं तर? “त्या दिवशी पोटाचे, पायांचे व्यायाम. घरी नाही पाठवत, मैत्रिणी इथे असतात ना.” स्प्लिटला दाबता का? “आपल्या वजनाने जेवढं जाईल तेवढं. खाली ठोकळे ठेवते, महिन्यागणिक एकेक काढते.” मी बसलेलं चालेल? “बसा की. फक्त तिथून सूचना द्यायच्या नाहीत.” आणि स्पर्धा? “ज्याला हवी त्याचं नाव घालते. ढकलत कुणाला नाही.”

सासूबाईंना पटत नव्हतं. “अगो, दोरीला लटकून काय मिळणार तिला? त्यापेक्षा पेटी शिकव.” त्यांना मी वाद न घालता एका शुक्रवारी बरोबर नेलं. त्या पायऱ्यांवर बसल्या. सराव संपला तरी उठायला तयार नव्हत्या. आता शुक्रवारी बायला न्यायचं काम त्यांनी आपणहून घेतलंय.

जुन्या सरांना सांगायचं जड काम होतं. रत्नागिरीत माणूस टाळता येत नाही, मारुती मंदिरला नाहीतर मासळी बाजारात समोर येतोच, आणि टाळावं असं त्यांनी काही केलंही नव्हतं. बायच्या पहिल्या कोलांटीला त्यांचाच हात होता. मी घरी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “वहिनी, गुणी पोर आहे, वाया जाईल.” मी त्यांना १८ तासांचं गणित, मनगटाला असलेला धोका, तिचा तो आठळ्या सोलतानाचा प्रश्न, सगळं सांगितलं. पटलं असं ते म्हणाले नाहीत. निघताना मात्र तिच्यासाठी खडूच्या भुकटीची अख्खी वडी दिली, पावसात हात घसरतात म्हणून.

आणि पावसाचं त्यांनी बरोबर सांगितलं होतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जुलैत दोरी दमट होऊन जड होते, मॅटला बुरशीचा वास येतो, कौलांवर पाऊस कोसळायला लागला की ताईंची मोजणी ऐकू येत नाही. मॅट भिंतीला उभ्या करून पंख्याखाली सुकवायची पाळी पालकांत वाटून घेतलीय. खूपच दमट असेल तर दोरी बंद, नुसतं जमिनीवरचं काम. सुरुवातीच्या आठवड्यांत बायच्या पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात सालटं निघाली, दोरी तिथेच धरतात. मांडीवर दोरीचे लाल वळ. तिने कुरकुर केली, पण पोटात दुखतंय असं एकदाही म्हणाली नाही, आणि मी तेवढ्याकडेच लक्ष ठेवून होते.

उणिवा आहेत. असमांतर बार नाहीत, व्हॉल्ट नाही. कॉम्पिटिशन बॅचमधला तो बीम बायच्या मनातून जात नव्हता. आम्ही काही पालकांनी वर्गणी काढून सुताराकडून फणसाच्या लाकडाची तुळई करून घेतली. रुंदी नियमाप्रमाणे १० सेंटिमीटर, उंची जमिनीपासून वीतभर, वर जुन्या सतरंजीची पट्टी. स्पर्धेचा बीम नव्हेच तो, पण तोल शिकायला पुरतो आणि पडलं तर पाय मुरगळण्यापलीकडे काही होत नाही.

एक गोष्ट सोपी गेली नाही. बायची जुनी मैत्रीण त्या कॉम्पिटिशन बॅचला गेली आणि छान रमली. मुलांचे स्वभाव वेगळे असतात. तिला गर्दीसमोर करायला आवडतं, घरचेही शहाणे आहेत, दुखलं तर दोन दिवस पाठवत नाहीत. ती जिल्ह्यातून विभागाला गेली, शाळेत फलकावर नाव लागलं. बायने जोरात टाळ्या वाजवल्या, घरी येऊन नेहमीसारखी जेवली, आणि रात्री अंधारात विचारलं, “आई, मी पण गेले असते ना?” मी म्हटलं, गेली असतीस कदाचित. तिला खोटं सांगणं मला शक्य नव्हतं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “उद्या शुक्रवार ना? ताई कमानीतून उठायचं बघणार आहेत.” त्या दोन वाक्यांमध्ये तिने काय ठरवलं ते मला माहीत नाही. तिचं दुःख मी पुसून टाकू शकले नाही, आणि आमची निवड झाली म्हणून ते खोटंही ठरत नाही.

आता तिचा बॅक वॉकओव्हर धिम्या गतीत येतो, उजवीकडून स्वच्छ, डावीकडून अजून थोडा ढिला. हँडस्प्रिंगला ताईंनी हात लावू दिलेला नाही. गणपतीत आणि शिमग्यात व्यायामशाळा बंद असते, मे महिन्यात मुलं बागेत असतात, त्यामुळे बालरोगतज्ज्ञ सांगतात ती विश्रांती आमच्या पंचांगातच जवळपास बसते.

गेल्या आठवड्यात ती स्वतःच ताईंकडे गेली आणि दोरीच्या मल्लखांबाच्या जिल्हा स्पर्धेत नाव घालायचंय म्हणाली. मला हे व्यायामशाळेच्या पायरीवर कळलं. ताई म्हणाल्या, “घालते. पण तीन दिवसांचे चार होतील, पाच नाही. आणि आदल्या दिवशीसुद्धा नको म्हणालीस तर नाव काढते, कुणी काही विचारणार नाही.” दीड तासाचे चार दिवस म्हणजे आठवड्याला सहा तास, आणि बाय आता दहा वर्षांची. मी फॉर्मवर सही केली.